प्राइस, कॉस्ट, व्हॅल्यू, वर्थ: नोकरीत नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या खरेदी विभागात दरवर्षी नवी मुलं-मुली येतात. बहुतेक जण लातूर, सोलापूर, नगर, बीडकडचे, डिप्लोमा किंवा बी.कॉम. करून आलेले आणि मराठी माध्यमातले. 'टॉलरन्स', 'हीट ट्रीटमेंट', 'परचेस ऑर्डर' हे शब्द त्यांना महिनाभरात सरावाचे होतात. गाडी अडते ती पैशाच्या साध्या शब्दांपाशी. मेलमध्ये प्राइस लिहायचं की कॉस्ट? व्हॅल्यू आणि वर्थ यांत फरक काय? 'आम्हाला परवडत नाही' हे सप्लायरला इंग्रजीत कसं कळवायचं?

मी स्वतः बार्शीकडचा, बारावीपर्यंत मराठीत शिकलेला. गेली बरीच वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत खरेदीचं काम करतोय, म्हणजे दिवसभर भाव करायचा आणि तो इंग्रजीत लिहायचा. या अनुभवावरून सांगतो, हे शब्द याद्या पाठ करून येत नाहीत. व्यवहाराकडे आपण कोणाच्या बाजूने बघतोय हे विचारायची सवय लागली की येतात. मराठी माध्यमाची भीती तर इथे अजिबात बाळगू नका. यातल्या निम्म्या अडचणी मराठी नीट आठवली की सुटतात.

'किंमत' या शब्दापासूनच सुरू करू, कारण तो मराठीत फार कामं करतो. दुकानदार सांगतो तीही किंमत, आपल्याला मोजावी लागते तीही किंमत, आणि 'आईबापाची किंमत नंतर कळते' यातलीही किंमतच. इंग्रजीत या तिन्हींना तीन शब्द आहेत. विकणारा जो आकडा मागतो तो प्राइस. वस्तू बनवायला किंवा मिळवायला ज्याच्या खिशातून जे जातं ती त्याची कॉस्ट. वापरणाऱ्याला तिचा जो उपयोग, ती व्हॅल्यू. समजा, एक छोटा पार्ट बनवायला सप्लायरला 82 रुपये पडतात. ही त्याची कॉस्ट. तो आम्हाला 100 रुपयांना देतो, ही प्राइस. आमच्या पुस्तकात आल्यावर तेच 100 रुपये आमची कॉस्ट होतात. आणि तो पार्ट वेळेत आला नाही म्हणून असेंब्ली लाइन उभी राहिली, तर त्या दिवशी त्याची व्हॅल्यू शंभराच्या कितीतरी पट असते. वस्तू एकच, पण बघणारा बदलला की शब्द बदलतो.

ही फोड आधुनिक मॅनेजमेंटवाल्यांनी काढलेली नाही. पाण्यावाचून जगता येत नाही तरी पाण्याच्या बदल्यात फारसं काही मिळत नाही, आणि हिऱ्याचा उपयोग नगण्य असूनही त्याच्या बदल्यात भरपूर मिळतं, हे कोडं ॲडम स्मिथने 1776 साली मांडलं होतं. वापरातली व्हॅल्यू आणि देवघेवीतली व्हॅल्यू असा भेद त्याने केला. आम्ही रोज टेबलावर बसून हाच भेद करत असतो.

आता तुमच्या हातात येणारा पहिला कागद घ्या, ऑफर लेटर. त्यावर सीटीसी लिहिलेली असते, म्हणजे कॉस्ट टू कंपनी. यातली कॉस्ट कंपनीची आहे, हे लक्षात घ्या. तुम्हाला ठेवण्यासाठी कंपनीच्या खिशातून जे जे जातं ते सगळं त्यात धरलेलं असतं. समजा, सीटीसी वर्षाला 3,60,000, म्हणजे महिन्याला 30,000, आणि त्यात मूळ वेतन 15,000. कंपनीने भरायचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,800. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे साधारण 721. गटविम्याचे समजा 500. हे वजा जाता राहिले 26,979. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 गेला (फेब्रुवारीत 300 जातो) की खात्यात 25 हजारांच्या आसपास जमा होतात. घरी फोन करून 'तीस हजार पगार' सांगितलेला असतो आणि पहिल्या महिन्यात चेहरा उतरतो. यात बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं, कागदावर लिहिलेला शब्द कॉस्ट होता, सॅलरी नव्हता. मुलाखतीत अपेक्षा विचारली तर आकडा सांगताना तो सीटीसीचा की हातात येणाऱ्या पगाराचा, हे त्याच वाक्यात सांगून टाका. 'एक्सपेक्टेड सीटीसी' किंवा 'टेक होम' असं स्पष्ट म्हणायचं. तिथे 'माय वर्थ इज फोर लॅख' असं मात्र म्हणू नका. माणसाची वर्थ सांगितली की इंग्रजीत त्याची मालमत्ता किती, असा अर्थ निघतो. नेट वर्थ म्हणतात ती हीच, मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्यांना कॉस्ट या शब्दाची ताकद सांगायची गरज पडू नये. हमीभाव म्हणजे मिनिमम सपोर्ट प्राइस. पण इतकी वर्षं वाद चालू आहे तो कॉस्ट कशी धरायची यावर. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चावर किमान 50 टक्के वाढ देऊन हमीभाव ठरवावा, अशी शिफारस केली होती. पुढे 2018-19 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीरही झाला. पण दीडपट कशाची? बियाणं, खतं, औषधं, मजुरी, डिझेल असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे ए2. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए2 अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलं की सी2. सरकार दीडपट काढतं ते ए2 अधिक एफएलवर, शेतकरी संघटना मागतात सी2वर. शब्द तोच, आत काय धरलं त्यावर क्विंटलमागे शेकडो रुपयांचा फरक पडतो. म्हणून कॉस्ट हा शब्द दिसला की कोणाची आणि त्यात काय काय धरलंय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोटेशन तपासतानाही हेच करायचं असतं.

आता एक मेल जसाच्या तसा दाखवतो. एका नव्या मुलीने जर्मनीतल्या सप्लायरला लिहिलेला हा मसुदा. मुलगी हुशार, ड्रॉइंग वाचण्यात आमच्यातल्या कोणापेक्षाही तेज. तिने लिहिलं होतं, 'युअर कॉस्ट इज टू मच कॉस्टली. इट इज नॉट वर्थी फॉर अस. प्लीज गिव्ह चीप प्राइस.'

आम्ही दोघांनी बसून एकेक शब्द पाहिला. सप्लायरची कॉस्ट आपल्याला माहीतच नाही, तो त्याच्या कारखान्यातला हिशोब. आपल्यापुढे आलेली आहे त्याची प्राइस. मग प्राइस कॉस्टली किंवा एक्स्पेन्सिव्ह असते का? मराठीत बोलून बघा. कांदा महाग झाला म्हणतो, पण भाव चढला किंवा वाढला म्हणतो. 'भाव महाग झाला' असं बाजार समितीत कोणी बोलत नाही. इंग्रजीतही वस्तू एक्स्पेन्सिव्ह आणि प्राइस हाय. तसंच वस्तू चीप आणि प्राइस लो. त्यात चीप या शब्दाला हलक्या प्रतीचा असाही वास आहे, म्हणून आपण ज्याच्याकडून माल घेणार त्याला 'चीप' मागू नये. लोअर प्राइस किंवा बेटर प्राइस मागावी. वर्थी हा शब्द तर मानाचा, पात्रतेचा. त्याचं काम वेगळंच, त्याबद्दल पुढे लिहितो. मेल असा झाला: 'युअर प्राइस इज अबव्ह अवर टार्गेट. ॲट दिस लेव्हल, चेंजिंग अवर करंट सोर्स इज नॉट वर्थ द एफर्ट. कुड यू ऑफर अ लोअर प्राइस फॉर अ लार्जर क्वांटिटी?' उत्तरात सप्लायरने वर्षाला किती नग लागतील ते विचारलं. म्हणजे बोलणी सुरू झाली.

कॉस्ट क्रियापद म्हणून आलं की एक सोय आहे, भूतकाळातही ते कॉस्टच राहतं. 'इट कॉस्ट मी टू थाउजंड रुपीज', ते मला दोन हजारांना पडलं. मराठीतलं 'पडलं' हे इथे अगदी चपखल बसतं, दोन्हीकडे वस्तूच कर्ता आणि माणूस 'मला'. 'कॉस्टेड' हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ खर्चाचा अंदाज काढला, असा. कॉस्टिंग विभागाने जॉब 'कॉस्टेड' केला म्हणणं बरोबर, पण चहा मला वीस रुपयांना 'कॉस्टेड' म्हणणं चूक.

'किंमत'सारख्या आणखी जागाही आहेत, जिथे मराठीचा एक शब्द इंग्रजीत फुटतो. भाडं घ्या. घराचं भाडं रेंट, एसटीचं किंवा रिक्षाचं भाडं फेअर, मंडपाचं किंवा जेसीबीचं भाडं हायर, मालवाहतुकीचं भाडं फ्रेट. डॉक्टर, वकील, परीक्षा यांची फी. बँक, क्लिअरिंग एजंट, दुरुस्तीवाला घेतो तो चार्ज. हे सहा शब्द आठवडाभर वापरले की बसतात.

'परवडणं' हे मात्र नीट शिकून घ्या, ते रोज लागतं. मराठीत वस्तू परवडते आणि माणूस 'मला' होतो. मला हे परवडत नाही. इंग्रजीत माणूस पुढे येतो: 'आय कॅनॉट अफोर्ड इट'. 'इट इज नॉट अफोर्डिंग टू मी' अशी वाक्यं मेलमध्ये बरीच येतात, ती या उलटापालटीमुळे. वेळेसाठी, चुकीसाठीही अफोर्ड चालतं. 'वी कॅनॉट अफोर्ड अ डिले', उशीर आपल्याला परवडणारा नाही. आणि धंद्यातल्या परवडण्याला, म्हणजे मार्जिनच सुटत नाही अशा वेळी, अफोर्ड लावू नका. तिथे 'इट इज नॉट व्हायेबल फॉर अस ॲट दिस प्राइस' म्हणा. अफोर्ड म्हटलं तर आपल्याकडे पैसेच नाहीत असा अर्थ जातो आणि पुढचा माणूस पेमेंटबद्दल साशंक होतो.

आता वर्थ. या शब्दावर मी नव्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ घेतो, कारण तो हाताशी आला की इंग्रजीत मत मांडता येतं. शब्दकोशात वर्थ म्हणजे लायक, असं लिहिलेलं असतं आणि तिथून गोंधळ सुरू होतो. लायक सोडून द्या. त्याऐवजी मराठीतलं 'वाचण्यासारखं', 'बघण्याजोगं', 'करण्यासारखं' आठवा. वाचण्यासारखं पुस्तक, वर्थ रीडिंग. बघण्याजोगा किल्ला, वर्थ सीइंग. विचारण्यासारखा प्रश्न, वर्थ आस्किंग. मराठीत धातूला '-ण्या' लागतो, इंग्रजीत '-इंग'. 'वर्थ टू रीड' म्हणायचं नाही. पुस्तक स्वतः वाचत नाही, ते वाचलं जातं, तरी आपण 'वाचलं जाण्यासारखं' म्हणतो का? नाही. इंग्रजीतही 'वर्थ बीइंग रेड' म्हणत नाहीत. दोन्ही भाषांनी इथे सारखीच वाट धरलीय, ती वापरा.

वर्थच्या पुढे नाम आलं तर मध्ये काही लागत नाही. पेपरात वाचतो तसा 'पाच लाख रुपये किमतीचा माल', तर 'गुड्स वर्थ फाइव्ह लॅख रुपीज'. पाचशेचं डिझेल म्हणायचं असेल तर 'फाइव्ह हंड्रेड रुपीज वर्थ ऑफ डिझेल'. जोर द्यायचा तर 'व्हेरी वर्थ' नाही, 'वेल वर्थ': 'द ट्रेनिंग इज वेल वर्थ अटेंडिंग'. आणि 'वर्थ इट' मधला तो शेवटचा इट गाळू नका. 'द ऑडिट वॉज हार्ड, बट इट वॉज वर्थ इट.' पहिला इट म्हणजे केलेलं काम, दुसरा म्हणजे त्यासाठी घातलेला वेळ, पैसा, त्रास. आपण म्हणतो ना, कष्टाचं चीज झालं. 'इट वॉज वर्थ इट' म्हणजे नेमकं तेच. पैशापुरतं बोलायचं तर 'व्हॅल्यू फॉर मनी' आणि आपलं 'पैसा वसूल' यांच्यात बोट घालायला जागा नाही.

वर्थव्हाइलमध्ये व्हाइल म्हणजे वेळ. वेळ सत्कारणी लागण्यासारखं. नामाच्या आधी लावायचं असेल तर हाच शब्द: 'अ वर्थव्हाइल एफर्ट'. नुसतं 'अ वर्थ एफर्ट' होत नाही, 'वर्थ द एफर्ट' होतं. वर्थी म्हणजे पात्र, आणि त्याच्यापुढे ऑफ लागतं: 'वर्थी ऑफ रिस्पेक्ट'. जोडशब्दांत तो तुम्हाला वारंवार भेटेल: ट्रस्टवर्दी, रोडवर्दी, क्रेडिटवर्दी. उच्चार ऐकला का? वर्थमधला थ हा दातांत जीभ धरून नुसती हवा सोडलेला, आणि वर्थीमधला आवाज घोगरा, जवळजवळ 'वर्दी' असा. लिहिताना सारखेच दिसतात, म्हणून मी वर 'वर्थी' लिहिलं. बोलताना 'वर्दी'च म्हणा, समोरच्याला पटकन कळतं.

मेरिट हा शब्द आपल्याकडे दहावीपासून ओळखीचा, पण फक्त यादीपुरता. इंग्रजीत ते क्रियापदही आहे. 'दिस कम्प्लेंट मेरिट्स अ रिप्लाय', या तक्रारीला उत्तर द्यायला हवं. अधिकृत पत्रात हे क्रियापद फार उपयोगी, ठाम असूनही भांडखोर वाटत नाही. त्याचा सख्खा भाऊ डिझर्व्ह, तो बोलण्यात जास्त चालतो आणि शिक्षेलाही लागतो, बक्षिसालाही.

प्राइसलेस आणि इनव्हॅल्युएबल या शब्दांनी गोंधळून जाऊ नका. शेवटचा '-लेस' किंवा पुढचा 'इन-' पाहून मुलं टाकाऊ असा अर्थ लावतात. मराठीतला अमूल्य कसा बनला? अ अधिक मूल्य. मोल करता येणार नाही इतकं मोठं. इंग्रजीचे हे दोन शब्द त्याच चालीचे. टाकाऊला वर्थलेस, कवडीमोल. आणि अमूल्यच्या शेजारी आपलाच विनामूल्य बसलेला आहे, अर्थ पार वेगळा, तसाच इंग्रजीत फ्री. फक्त कागदावर 'फ्री ऑन बोर्ड', म्हणजे एफओबी, वाचलं तर फुकट समजू नका. माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी आणि खर्च विकणाऱ्याचा, पुढचा आपला, असा त्याचा अर्थ. आणि फुकटला आपल्याकडे सगळे 'फ्री ऑफ कॉस्ट' लिहितात. भारतात ते चालतं, परदेशी पत्रात 'फ्री ऑफ चार्ज' लिहा.

डिअर म्हणजे प्रिय, हे पत्राच्या पहिल्या ओळीमुळे सगळ्यांना माहीत. डिअर म्हणजे महाग हा जुना अर्थ आपल्याकडे सरकारी पगारपत्रकात अजून जिवंत आहे. डीए म्हणजे डिअरनेस अलाउन्स, महागाई भत्ता.

आता या सगळ्याचा खरा उपयोग जिथे होतो ते सांगतो. परदेशातून एक सुटा भाग मागवायचा होता. तिथली प्राइस इथल्यापेक्षा जवळपास तीस टक्के कमी, त्यामुळे नवीन आलेला मुलगा खूश. त्याला म्हटलं, लँडेड कॉस्ट काढ, म्हणजे माल आपल्या दारात येईपर्यंतचा सगळा खर्च. फ्रेट, विमा, कस्टम ड्यूटी, क्लिअरिंग एजंटचे चार्जेस, न्हावा शेवाहून चाकणपर्यंतचं ट्रकभाडं, आणि कंटेनर बंदरातून वेळेत सुटला नाही तर रोजचा दंड, म्हणजे डेमरेज. शिवाय किमान ऑर्डर पाच हजार नगांची, म्हणजे आठ महिन्यांचा माल गोदामात पडून आणि पैसे अडकलेले. बेरीज केल्यावर नग इथल्यापेक्षा महाग पडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंग्रजीत याला म्हणतात 'द गेम इज नॉट वर्थ द कँडल', म्हणजे डावातून मिळणारी कमाई तो खेळायला जाळलेल्या मेणबत्तीइतकीही नाही.

मुलाचं म्हणणं पडलं, सॅम्पल मागवले, टेस्टिंगचे पैसे भरले, दोन महिने यावर घालवले, आता कसं सोडायचं? हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. गेलेल्या खर्चाला इंग्रजीत संक कॉस्ट म्हणतात, बुडालेला. ऑर्डर दिली काय नि नाही दिली काय, तो परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना त्याला बेरजेत धरायचं नाही. 'वर्थ' हा प्रश्न नेहमी पुढच्या पैशाबद्दल आणि पुढच्या वेळेबद्दल विचारायचा. त्या मुलाने मग बॉससाठी चार ओळींची टिपणी लिहिली. शेवटची ओळ होती: 'ॲट द प्रेझेंट व्हॉल्यूम, दिस सोर्स इज नॉट वर्थ पर्स्यूइंग. इट मे बी वर्थ रीव्हिजिटिंग इफ द एमओक्यू कम्स डाउन.' सध्याच्या प्रमाणात याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, किमान ऑर्डर खाली आली तर पुन्हा बघण्यासारखं आहे. बॉसने ती ओळ सप्लायरला पाठवायच्या मेलमध्ये तशीच घेतली, फक्त सुरुवातीला सॅम्पलसाठी आभार जोडले.